सरकारी जातीची वांगी

...आणि वर मलाच विचारतात, उद्धव, तू असं काऊन केलं बाप्पा? मी काय केलं? वांगी लावली. तुम्हाला सांगतो, माळ्याच्या पोटी जन्माला येऊन वांगी लावली, एवढा एक माझा गुन्हा, आणि तेवढ्यापायी आमचे भाऊजी, नरसिंगराव मास्तर, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, सुभद्राबाईचे यजमान, आठ वर्षं ज्या सनदेची वाट पाहत होते ती सनद त्यांना मिळाली नाही, भलतीच मिळाली, आणि मी, रस्त्यात कोणी 'राम राम' म्हटलं तरी घाम फुटणारा माणूस, आज इथं उटनूरच्या रानात तुमच्यापुढं उभा राहून बोलतो आहे. मला बोलतं कोणी केलं? कागदानं. कागदात होतं.

थांबा, बहिणीचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, भाऊजींच्या सनदेवाचून याचं काय अडलं होतं? लय अडलं होतं. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं, आदिलाबादपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. बाप गेला तेव्हा मी तिसरीत होतो. पाटी ठेवली, खुरपं उचललं, आणि खरं सांगतो, त्याचं मला फार दुःख झालं नाही, कारण शाळेत उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि वाफ्यात कोणी काही विचारत नाही. मला पिकवता येतं. विकता येत नाही. गिऱ्हाईक समोर बसून 'वांगी कशी दिली' म्हणालं की माझी जीभ टाळूला चिकटते. एका बाईनं तीनदा विचारलं, मी तिन्ही वेळा खाली पाहिलं, तर ती शेजारणीला म्हणाली, "मुका दिसते बिचारा," आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. म्हणून बाजार करायची सुभद्राबाई. तिचा आवाज वेशीबाहेरच्या बैलांना ऐकू जायचा. लग्न झालं तेही गावातल्याच मास्तरांशी, दोन गल्ल्या सोडून नांदायला गेली, आणि दर बुधवारी टोपल्यांपुढं आपली हजर. लोक म्हणायचे, "मास्तरीण असून भाजी विकता?" ती म्हणायची, "मास्तरीण घरी. बुधवारी मी माळीणच. मेथी घेता का नाही ते बोला."

असं सगळं बरं चाललं होतं. मग कागद आला.

कागद काय, तर आमच्या गावची शाळा आता मोठी होणार, चौथीची सातवी होणार, आणि तिला नुसता मुदर्रिस, म्हणजे साधा मास्तर, चालणार नाही, सदर मुदर्रिस पाहिजे, म्हणजे सगळ्या मास्तरांवरचा मास्तर. आणि सदर व्हायचं तर इंतजामी सनद पाहिजे, म्हणजे या माणसाला शाळेचा कारभार हाकता येतो असं सरकारनं लिहून दिलेलं. नोकरीला लागल्यापासून भाऊजी ज्या सनदेमागं होते, तीच ही; मिळवली तर तेच सदर. नाही मिळवली तर सनदवाला दुसरा कोणी येणार आणि भाऊजींची बदली बेज्जूरला. बेज्जूर कुठं? पार प्राणहितेच्या अंगाला, रानाच्या पोटात. आमची आई, गयाबाई, म्हणाली, "तिथं म्हणते वाघ दिवसा फिरते." मला वाघाचं काही नव्हतं. वाघ वांग्याचा भाव विचारत नाही. मला भेव होतं बुधवारचं. सुभद्राबाई बेज्जूरला गेली तर टोपल्यांपुढं बसणार कोण? ...मी.

हा कागद घेऊन आले चंपतराव. तालीम कचेरीतले, म्हणजे शाळाखात्याच्या कचेरीतले, पेशकार, म्हणजे साहेबांचे कागद सांभाळणारे. बारीक अंगाचा माणूस, बगलेत पत्र्याची पेटी. काही विचारलं की पेटी उघडायचे, एक कागद काढायचे, त्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "कागदात आहे." झालं. पेटी बंद. कागदात आहे म्हटल्यावर बोलणार कोण?

सनदेच्या शर्ती अकरा. भाऊजी त्या झोपेत म्हणायचे, असं सुभद्राबाई सांगायची. मिडल पास पाहिजे... होते. वर्षाची ट्रेनिंग पाहिजे... होती. आठ वर्षं नोकरी पाहिजे... होती. उर्दूचा वरचा इम्तिहान पाहिजे, कारण आमच्या सरकारची भाषाच उर्दू... त्यात दोनदा नापास झाले होते, तिसऱ्या खेपेला पास झाले, कारण त्या खेपेला सुभद्राबाईनं घरात मराठी बोलायची बंदी केली होती. तिला उर्दू यायचं बाजारातल्या व्यापाऱ्यापुरतं, त्यांना यायचं पुस्तकापुरतं, आणि त्या चार महिन्यांत नवरा-बायकोत एक भांडण झालं नाही, कारण भांडायला लागणारे शब्द दोघांनाही येत नव्हते. आई म्हणायची, "इम्तिहान दर साली ठेवा म्हणा सरकारले."

पाचवी शर्त छातीची. सदर मुदर्रिसाची छाती किती इंच पाहिजे तेसुद्धा कागदात आहे. भाऊजींची एक इंच कमी भरली. भाऊजी डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, सदर मुदर्रिसाले छातीचं काय काम पडते?" डॉक्टर म्हणाले, "मले काय माहीत? मी माप घेऊन राह्यलो." मग भाऊजींनी श्वास ओढला. इंच भरला. पण डॉक्टर पडले सावकाश माणूस, दौतीत टाक बुडवणार, झटकणार, नाव विचारणार, आणि भाऊजी बोलायची सोय नाही म्हणून नाव बोटानं हवेत लिहिणार, कारण श्वास सुटला आणि डॉक्टरांनी खोडलं तर? कागद हातात पडेपर्यंत भाऊजींचा चेहरा जांभळा आणि डोळे पार बाहेर. डॉक्टरांनी पाहिलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, 'डोळे मोठे व निरोगी.' तेवढी एक ओळ फुकट मिळाली.

सहावी शर्त नेकचलनीची. म्हणजे माणूस चांगल्या चालीचा आहे असं गावातल्या मोतबर माणसानं लिहून द्यायचं. आमचे बाबाराव पाटील खरं बोलणारे, हीच पंचाईत. म्हणाले, "मास्तराले वाईट काम करताना मी कधी पाह्यलं नाही. पण चांगलं करतानाही नाही पाह्यलं. मास्तर दिसतेच कुठं? शाळेत जाते, घरी येते. असं लिहू काय?" भाऊजी म्हणाले लिहा. चंपतरावांनी ते वाचलं आणि मान हलवली. "चांगलं काम पाह्यल्याचं पाहिजे. कागदात आहे." मग काय? आमचे भाऊजी तीन दिवस पाटलांच्या दारापुढून येरझारा घालत होते, कोणी घसरून पडतं का, कोणाच्या डोक्यावरची मोळी सुटते का, म्हणजे धावत जाऊन चांगलं काम करावं. तीन दिवसांत कोणी पडलं नाही. शेवटी पाटीलच कंटाळले. "मास्तर, ते वासरू तेवढं गोठ्यात बांधून द्या आन् तुमचा कागद घेऊन जा." वासरानं भाऊजींना अंगणभर ओढलं, दोनदा उकिरड्यात नेलं, आणि भाऊजींना वासरानं गोठ्यात नेलं की वासराला भाऊजींनी, यावर पाटील जरा अडले होते, पण लिहून दिलं.

पुढच्या चार शर्ती, म्हणजे कवायत, हाताची कारागिरी, हजेरीबुकं आणि साहेबांपुढं द्यायचा नमुन्याचा धडा, या भाऊजींनी अशा तयार केल्या की काय सांगू. ते दोर वळायला शिकले. घरात जिकडं तिकडं दोर. आई म्हणाली, "बाई, तुह्या नवऱ्याचं ध्यान बरं आहे ना? इतके दोर कायले पाहिजेत माणसाले?"

आणि मग अकरावी. शाळेची बाग. वीस वाफे, आणि तेही तलबांच्या हातचे. पोरांना कागदात तलबा म्हणतात. भाऊजींनी विचारलं, "थोडी कोणाची मदत घेतली तर?" चंपतरावांनी पेटी उघडली. "बापाच्या हातची नाही, भावाच्या हातची नाही, साल्याच्या हातची नाही. तलबांच्या हातची. कागदात आहे." आता साल्याच्या हातची नाही हे कागदात होतं की ते माझ्याकडं पाहून त्यांनी पदरचं घातलं, देव जाणे.

भाऊजीही माळ्याचेच. पण त्यांचा बाप तहसिलीत चपराशी, सगळं लहानपण कचेरीच्या ओट्यावर गेलं, मुळा जमिनीत लागतो की झाडाला हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. तसलंच एक बागकामाचं पुस्तक त्यांनी आणलं. त्यात लिहिलं होतं, रोपांमध्ये हातभर अंतर ठेवावे. कोणत्या रोपांमध्ये, ते पुढच्या पानावर होतं आणि ते पान उंदरानं खाल्लं होतं. मग त्यांनी काय लावलं हातभर अंतरावर? कोथिंबीर. धने रगडलेसुद्धा नाहीत, अख्खा धना, फूटपट्टीनं मोजून, चाळीस पोरं कवायतीला उभी केल्यासारखी ओळीत, आणि शिट्टी. एक शिट्टी, पाऊल पुढं. दुसरी शिट्टी, वाका. तिसरी शिट्टी, एक धना सोडा. मी कुंपणाशी उभा राहून पाहत होतो. मग कांदे लावले. उलटे. तुम्ही कधी चांगल्या जमिनीत कांदा उलटा लावलेला पाहिला आहे? माणसाला डोक्यावर उभं करून पुरल्यासारखं दिसतं.

बारा दिवस झाले, काही उगवलं नाही. साहेबांच्या तपासणीला राहिले दोन महिने. सुभद्राबाई मळ्यात आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मला समजलं.

"उद्धव, मास्तराची बाग तू करून दे."

"कागदात नाही म्हणते ना बाई. तलबांच्या हातची पाहिजे."

"बरं. मंग बुधवारी तूच बसजो टोपल्या घेऊन. मी चालली बेज्जूरले."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी कुदळ घेऊन हजर. आता मी काही खोटं काम करणारा माणूस नाही, ते मला झेपत नाही, म्हणून मी काय केलं, पोरांना बोलावलं आणि पोराचा हात धरायचा, त्या हातात रोप द्यायचं आणि हातासकट रोप लावायचं. म्हणजे हात कोणाचा? तलबाचा. कागदात फक्त हाताचं होतं, डोक्याचं काही नव्हतं. पोरांशी मला बोलता येतं, ती भाव विचारत नाहीत. शाळेमागच्या विहिरीवरून पाण्याचा दांड काढला, दोन गाड्या शेणखत टाकलं, माझ्या मळ्यातली रोपं आणली, वांगी, मिरची, मुळा, मेथी, अंबाडी, आणि तुराट्यांच्या कुंपणावर दोडका चढवला.

भाऊजी पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "हे पाह्य उद्धव, मले पास होण्यापुरती बाग पाहिजे. बाजारापुरती नाही."

मी हो म्हटलं. पण तुम्ही मला सांगा, पास होण्यापुरतं वांगं कसं लावतात? त्याला कमी पाणी द्यायचं? कमी खुरपायचं? भाऊजी म्हणाले, निदान चार वाफे वाळू दे, मास्तराच्या बागेसारखं दिसू दे. मी चार वाफ्यांचं पाणी तोडलं. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पानं माझ्याकडं पाहत होती. हसू नका, पाहतात. तिसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो आणि घास खाली जाईना. आईनं विचारलं, "काय होऊन राह्यलं तुले?" मी म्हटलं, चार वाफे उपाशी आहेत. आई ताटावरून मला उठवून म्हणाली, "जाय आधी त्याईले पाणी दे, मंग जेव." आमच्या घरात हे असं आहे. त्याला मी काय करणार? त्या चार वाफ्यांना मी इतकं जपलं, इतकं जपलं की बाकीच्या सोळांपेक्षा तेच वरचढ निघाले.

तपासणीचा दिवस आला. भाऊजींनी मला कुंपणामागं बसवलं. "साहेबाच्या नजरंस पडू नको. आवाज करू नको. शिंक आली तर गिळ."

मोहतमिमसाहेब, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांवरचे साहेब, दमणीतून, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीतून, आले. मोठे शांत गृहस्थ, हळू बोलणारे. कवायत पाहिली, शाबास म्हणाले. भाऊजींनी वळलेला दोर साहेबांनी स्वतः एका टोकाला धरून ओढला, दुसरं टोक चंपतरावांच्या हातात, दोर तुटला नाही, चंपतराव मात्र दोन पावलं पुढं आले. नमुन्याचा धडा दिशांचा होता, चाळीस पोरांनी एकदम पूर्वेकडं बोट केलं, त्यातलं एकही चुकलं नाही. चंपतराव कागदावर खुणा करत होते. कुंपणातून मी मोजत होतो. दहा झाल्या. एक राहिली. मला वाटलं, सुटलो. सुभद्राबाई इथंच, बुधवार तिचाच.

साहेब बागेच्या तोंडाशी आले आणि थांबले. बराच वेळ नुसते पाहत राहिले. आता हे कोणाला माहीत होतं की साहेबांना बागेचं वेड आहे? हे एक तेवढं कागदात नव्हतं.

साहेब वाकले, वांगं हातात घेऊन म्हणाले, "मास्टर साहब, ये बैंगन कौन सी जात का है?"

भाऊजी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हुजूर, सरकारी जात है."

मला राहवलं नाही. मी तुराट्यांमागून हळूच म्हटलं, "काटेरी. भरताचं." भाऊजींनी ऐकलं. "हुजूर, काँटेवाला. भरते का."

साहेबांनी पान उलटून पाहिलं. "एक कीड़ा नहीं. क्या डालते हो?"

भाऊजींनी आभाळाकडं पाहिलं, मग कुंपणाकडं पाहिलं. मी म्हटलं, "राख. सकाळी, दव असताना." "हुजूर, राख. सुबह. शबनम में." बघा, उर्दूचा इम्तिहान कामाला आला.

आणि मग मला काय झालं, माझं मलाच सांगता येत नाही. समोर तोंड नाही, डोळे नाहीत, नुसत्या तुराट्या. अशा वेळी मला बोलता येतं हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. साहेब विचारत होते, मी सांगत होतो, भाऊजी उर्दू करत होते. खत किती कुजवायचं, मुळा पोकळ का पडतो, दोडका कडू का होतो. मध्ये भाऊजी जरा थांबायचे, माझं ऐकायचे, तर साहेबांना वाटायचं, केवढा विचार करून बोलतो हा माणूस. शेवटी साहेब म्हणाले, माझ्या बंगल्यातल्या मिरचीची पानं गोळा होतात आणि झाडं मरतात, काय करू?

मी म्हटलं, "पाणी किती देता?"

भाऊजींनी विचारलं, "हुजूर, पानी कितना देते हैं?"

"रोज़," साहेब म्हणाले, पाढा विचारलेल्या पोरासारखे.

मी म्हटलं, "रोज पाणी देऊन मिरची मारते का कोणी? काही डोकं आहे का नाही माणसाले?"

भाऊजी तोवर असे रंगले होते की तेही सुरू झाले, "हुजूर, रोज़ पानी देकर मिर्च मारते क्या कोई? कुछ दिमाग़..." आणि तिथं त्यांना समजलं आपण काय बोलून राह्यलो. चंपतरावांनी पेटीचं झाकण घट्ट धरलं. मी कुंपणामागं डोळे मिटून घेतले आणि मला बेज्जूर दिसलं.

साहेब हळूच म्हणाले, "सही कहते हो. बीस बरस से ग़लती कर रहा हूँ."

मग चंपतरावांकडं वळून म्हणाले, "ऐसे आदमी को हाज़िरी गिनने पर लगाना ज़ुल्म है."

भाऊजींनी अंगरखा सारखा केला. त्यांना वाटलं, आली सनद. चंपतरावांनी कागद काढला, पण तो आमच्या ओळखीचा नव्हता. रंगसुद्धा निराळा. म्हणाले, "मास्तर, मुबारक. साहेब तुमाले खास फनाची सनद देऊन राह्यले. एकाच हुनरात जो पार मुरलेला असते, त्याले देतात. आपल्या जिल्ह्यात अजून कोणालेच नाही."

भाऊजी म्हणाले, "पण मी तर इंतजामीसाठी... सदर मुदर्रिस..."

"एका माणसाले एकच सनद. कागदात आहे. आन् खास सनदवाला एका शाळेत राहत नाही. उटनूरकडच्या रानातल्या सगळ्या शाळांत बागा करायच्या आहेत, तिथं जायचं तुमाले. तेही कागदात आहे."

साहेब पुढं गेले. चंपतराव मागं राहिले, सावकाश कुंपणापाशी आले, दोडक्याचा वेल बोटानं बाजूला केला आणि माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. ते भाऊजींना म्हणाले, "मास्तर, तुमचं कुंपण लय हुशार आहे." मग पेटी बगलेत मारून, "खास सनदवाल्याले एक मददगार मिळते. कुंपण संगं घेऊन जा. नाहीतर रानात वांगी सरकारी निघतील."

घरी आलो तर सगळे तोंड पाडून बसलेले. भाऊजी म्हणाले, साहेबांना जाऊन खरं सांगतो. सुभद्राबाई म्हणाली, "काय सांगता? बाग साल्यानं केली म्हणून? मंग अकरावी शर्त खोटी, सनद गेली, आन् आपण बेज्जूरले." खरं सांगितलं तर बेज्जूर, गप्प राहिलं तर उटनूर. भाऊजी रात्रभर... नाही, रात्रीचं मला माहीत नाही, सकाळी त्यांचे डोळे मोठे होते, निरोगी नव्हते. माणूस आठ वर्षं एका खुर्चीकडं पाहत चालला होता, अकरापैकी दहा शर्ती त्यानं स्वतःच्या अंगावर पार पाडल्या होत्या, आणि त्याला घेऊन गेली ती एक, जी त्यानं केलीच नव्हती. मी त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, "भाऊजी, चुकलं माझं. मी बोलायला नव्हतं पाहिजे." ते म्हणाले, "तू बोलला याचं नाही रे वाईट वाटत. बावीस वर्षांत एकदा बोलला, तर तेवढ्यात माझी बदली केली."

शेवट सुभद्राबाईनंच लावला. "बेज्जूरपेक्षा उटनूर जवळ. तिथं बाजार कोणत्या दिवशी भरते ते इचारा." आई म्हणाली, "आन् मी इथं एकटी वांग्याशी बोलू काय?" मळा चुलत्याला बटाईनं दिला आणि एका गाडीत सगळे निघालो, आई, टोपल्या, भाऊजी, भाऊजींचे दोर.

इथं येऊन आता दीड वर्ष झालं. मला वाटलं होतं, मददगार म्हणजे काय, खुरपं धरता आलं की झालं. चंपतराव आले. पेटी उघडली. सरकारी मददगार निदान चौथी पास पाहिजे. एका वर्षात पास झाला नाही तर जागा जाणार. "पण मी तिसरीतून..." म्हटलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कागदात आहे.

म्हणून मी पोरांमध्ये जाऊन बसलो. गुडघे छातीला लागतात. शेजारचं पोर मला काका म्हणतं आणि माझ्या पाटीत पाहून उतरवतं. उभं राहून उत्तर द्यावं लागलं, दिलं. घाम फुटला, पण दिलं, डोळ्यांपुढं तुराट्या आहेत असं समजायचं. परीक्षा झाली. हिशेबात पास. मराठीत पास. उर्दू अक्षरांत पास. भाऊजींनी, माझी सोय व्हावी म्हणून, साहेबांना लिहून चौथीला त्या वर्षी एक नवा विषय लावून घेतला होता, बागकाम, आणि त्याचा पेपर तपासायचा अधिकार फक्त खास सनदवाल्याला. त्यात एक सवाल होता, वांग्याच्या झाडाला पाणी केव्हा द्यावे? मी लिहिलं, मागेल तेव्हा.

नापास.

मी म्हटलं, "भाऊजी, पानं मलूल दिसली की द्यायचं, हे मीच तुमाले सांगितलं ना? तुमी रोज बागेत तसंच करता ना?"

ते म्हणाले, "करतो. तू सांगितलं ते बरोबरच आहे. पण पुस्तकात 'दर चौथ्या दिवशी' आहे. मी सनदवाला माणूस, मी पेपर झाडाले इचारून तपासू काय?" आणि तोंड असं उतरलेलं की मलाच त्यांची कीव आली. वर्षाची मुदत वाढवून घेतली बिचाऱ्यांनी, साहेबांच्या मिरच्या आता बऱ्या आहेत म्हणून मिळाली.

तर यंदा मी पुन्हा चौथीत आहे. बागकामात कच्चा म्हणून शिकवणी लावली आहे, भाऊजींचीच. सकाळी बागेत मी त्यांना शिकवतो, दुपारी ओट्यावर बसून ते मला तेच शिकवतात, जरा चुकीचं करून, आणि परीक्षेत दुपारचं लिहायचं असतं, एवढं आता मला समजलं आहे.